विल्बर्टने घासलेली रायफल

विल्बर्टने रायफल विकायचा शब्द दिला तो सकाळच्या कॉफीच्या टेबलावर, सहा रिकामटेकड्या म्हाताऱ्यांच्या साक्षीने. बायकोला सांगितलं ते घरी आल्यावर. सिग्नेचं डोकं फिरलं ते आधी याच गोष्टीवरून.

"चार हजार डॉलर देतोय तो डेट्रॉइटचा ड्रेसलर," विल्बर्ट बूट काढत म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी आठशेलासुद्धा कुणी विचारत नव्हतं. आता शहरातल्यांना या जुन्या, हाताने खटका ओढून काडतूस भरायच्या रायफलींचं वेड लागलंय. भिंतीवर टांगतात म्हणे."

"मग आपणही टांगू. खिळा मी ठोकते."

"डोळे गेले माझे, सिग्ने. गेल्या साली हरीण समजून झाडाच्या बुंध्यावर गोळी झाडली. आणि आता शब्द दिलाय."

शब्द म्हटल्यावर विषयच संपला. अमेरिकेतल्या उत्तर मिशिगनमधल्या त्या खाणीच्या गावात माणूस दारू सोडेल, प्रसंगी बायकोही सोडेल, पण दिलेला शब्द मागे घेणार नाही. घेतलाच, तर कॉफीच्या टेबलावर त्याला पुन्हा कुणी खुर्ची सरकवायचं नाही.

पैशाचं सिग्नेला काही नव्हतं. तिला धास्ती होती विल्बर्टचं शेजारच्या अर्माससारखं होण्याची. भाव चढलेत म्हणून अर्मासनेही गेल्या वर्षी आपली रायफल विकली. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम सुरू झाला, सगळं गाव जंगलातल्या आपापल्या कॅम्पवर गेलं आणि अर्मास टीव्हीसमोर बसला. तो अजून तिथेच आहे. हल्ली दाढीही करत नाही. विल्बर्टने हरीण मारलं काय नि नाही मारलं काय, सिग्नेला सारखंच होतं. पण कॅम्पवर तो लाकडं फोडायचा, वाफेच्या अंघोळीचा सॉना तापवायचा, पत्त्यांत लबाडी करायचा आणि अंगाला धुराचा वास घेऊन चांगला टवटवीत होऊन परत यायचा. रायफल गेली की हे सगळं गेलं. हात हलवत कॅम्पवर जायची इथे कुणालाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये डोकावली, तर विल्बर्ट रायफलीचा लाकडी दस्ता सँडपेपरने घासत होता.

इकडची रीतच आहे ती. मागून आणलेली कुऱ्हाड धार लावून परत करायची, ट्रेलर धुऊन द्यायचा. मळकी वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवली तर बाईमाणसाची नाचक्की आणि बाप्याची त्याहून जास्त. पण सिग्ने विणता विणता फोनवर लिलाव बघत असे. जुन्या रायफलीची किंमत तिच्या जुनेपणातच असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोखंडावरची मूळची निळसर झाक आणि लाकडावरचं मूळचं पॉलिश गेलं, की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

"थांब रे बाबा," एवढंच म्हणायचं होतं. तिने ते म्हटलं नाही. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव त्याच्यापुढे ठेवला आणि ती निघून आली.

आठवडाभर हेच चाललं. त्याने दस्ता घासून जवसाच्या तेलाने चमकवला, नळीवर बाटलीतला निळा रंग चढवला. सँडपेपर संपला तर तिनेच दुकानातून आणून दिला. रात्री मात्र तिला झोप लागेना. एवढ्या मायेने काम करणाऱ्या माणसाला आपण तोंडघशी पाडतोय, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

शनिवारी ड्रेसलर आला. टेबलावरची रायफल पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय केलंत? ही तर... आठशे. त्याच्यावर एक डॉलर नाही."

"शब्द चार हजारांचा होता," विल्बर्ट शांतपणे म्हणाला. "मी अजून माझ्या शब्दावर आहे. तुम्ही फिरताय."

सिग्नेला राहवेना. "चूक माझी आहे," ती पुढे होऊन म्हणाली. "मला माहीत होतं. मी त्याला सांगायला हवं होतं."

"तुम्ही कशाला, बाई? मी सांगितलं होतं ना!" ड्रेसलर वैतागला. "फोनवर दोनदा बजावलं यांना, की धूळसुद्धा पुसू नका म्हणून!"

सिग्नेने नवऱ्याकडे पाहिलं. विल्बर्ट खिडकीबाहेर बघत होता, जणू अंगणात हरीणच आलं होतं.

ड्रेसलर रिकाम्या हातानेच निघाला. त्याची गाडी रस्त्याला लागेपर्यंत तिने दम धरला.

"दोनदा?"

"कान गेलेत माझे."

"आतापर्यंत डोळे गेले होते. काल मी पावाचा डबा उघडला, तो बरा गॅरेजमधून ऐकू आला तुला!"

विल्बर्ट हसला. "सहा जणांसमोर दिलेला शब्द मला मोडता येत नव्हता. ड्रेसलरला येत होता. तरी तू गॅरेजमध्ये येईपर्यंत मी हळूच घासत होतो. म्हटलं, तुला ते चार हजार हवे असले तर?"

"मग विचारायचं होतंस."

"विचारायची गरज काय? पन्नास वर्षांत मी साधा खिळा ठोकला तरी तू वाकडा म्हणालीस. आणि या वेळी कॉफी ठेवून गुपचूप निघून गेलीस. तेव्हाच कळलं मला, की तुलाही ती जाऊ द्यायची नाहीये."

सिग्नेचे डोळे भरून आले. ते लपवायला तिने रायफल उचलली आणि दस्त्यावरून बोट फिरवलं.

"इथे खरखरीत राहिलंय," ती म्हणाली.