आठव्या दिवसाचे मागणे

पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात वडिलांच्या पश्चात थोरलीचेच राज्य होते. खळ शिजवावी तिने, पुठ्ठा कापावा तिने, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन शब्दांत वाटेला लावावे तेही तिनेच. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि म्हातारी आई राहत. आईचे कान दोन वर्षांपूर्वी पुरते गेले होते. थोरलीने सोमवारी तिच्यासाठी कर्णयंत्र विकत आणले, चांगले भारीतले आणले, आणि खोक्यावरची पट्टी न फोडता ते कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिले.

हा त्या घरचा नियम होता. वडील हयात असताना घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू आठ दिवस त्या कपाटावर तशीच बांधलेली राही. आठव्या दिवशी ज्याला ती हवी असेल त्याने वडिलांपुढे उभे राहून पुन्हा मागायची. मागणे त्यांना पटले तर दोरा सुटे; नाही तर वस्तू दुकानदाराकडे परत. थोरली आठव्या दिवशी सकाळीच उभी राही आणि धडा म्हणावा तसे मागून मोकळी होई. तिचा धाकटा भाऊ एकदा रंगांच्या पेटीसाठी उभा राहिला. "कशाला हवी?" वडिलांनी विचारले. त्याला उत्तर सुचले नाही. पेटी परत गेली, आणि त्या दिवसापासून त्याने कोणापाशी, काहीही, दुसऱ्यांदा मागितले नाही. पुढे तो जहाजावर आचारी झाला. पगार हाती पडला की बंदरावरच उधळी. घेतलेल्या वस्तूचे वेष्टन दुकानाच्या पायरीवरच फोडी.

शुक्रवारी दुपारी तो तीस वर्षांनी घरी आला. संध्याकाळी त्याचे जहाज सुटायचे होते.

"ताई, आईशी बोलायचंय."

"बोल की. पण तिला ऐकू कुठं येतंय? ढोल बडवलास तरी ढिम्म. कागदावर लिहून दे."

"लिहिता आलं असतं तर एवढी वर्षं टपालानं नसतं पाठवलं?" त्याने पिशवी खाली ठेवली. "बाबा गेले तेव्हा माझं जहाज समुद्रात नव्हतं. इथंच बंदरात उभं होतं. निरोपही मिळाला होता."

थोरलीच्या हातातली सुई पानांतच राहिली. "आणि तू आला नाहीस."

"नाही आलो. ते तिला माझ्या तोंडानं सांगायचंय. मग तिनं मारावं, हाकलावं, काय हवं ते करावं." बोलता बोलता त्याची नजर कपाटावर गेली. "ते काय? कानाचं मशीन? अगं, मग घाल की तिला!"

"सोमवारी आणलंय."

"बरं, मग?"

"आज शुक्रवार आहे."

धाकटा मोठ्याने हसला. "बाबा वरून दिवस मोजतायत की काय अजून! दुकानदारानं परत घेतलं नाही तर मी भरतो पैसे, चल."

"पैशाचा प्रश्न नाही रे."

आणि तो खरोखरच नव्हता. थोरलीपाशी अशी चार यंत्रे घेण्याइतकी शिल्लक होती. ती स्टुलावर चढली, खोके खाली उतरवले, पट्टीच्या कडेखाली नख घातले. आणि नख तिथेच अडले. आता याने एकदा, फक्त एकदा, पुन्हा म्हणावे, 'फोड ना, ताई,' म्हणजे पट्टी फुटेल, असे तिला मनोमन वाटत होते. पन्नाशी उलटलेली ती बाई त्या दुसऱ्या मागण्याची वाट पाहत खोके छातीशी धरून उभी राहिली.

धाकट्याने ते नख पाहिले. त्याचे ओठ किंचित हलले. मग रंगांची पेटी परत गेली त्या दिवशी मिटले होते तसेच ते मिटले.

तो आईसमोर जमिनीवर बसला आणि तिचा हात हातात घेऊन सारे सांगू लागला. बंदर, निरोप, त्या रात्री केलेला स्वयंपाक, काहीही न लपवता. आई अखेरपर्यंत कौतुकाने हसत होती.

"वाळलास रे," ती म्हणाली. "जहाजावर खायला घालतात की नाही?"

"मीच घालतो, आई."

तो उठला. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तो 'जातो' म्हणाला.

सोमवारी थोरलीने पट्टी सुरीने अलगद सोडवली, कुठेही फाटू दिली नाही. यंत्र आईच्या कानात बसवले. आई दचकली. "अगोबाई! त्या नळाला केवढा आवाज!" मग तिचा चेहरा फुलला. "तो काय बोलत होता गं त्या दिवशी? मी आपली वेड्यासारखी नुसती हसत बसले."

"म्हणाला, पुन्हा येईन."

"आणि आवाज कसा झालाय त्याचा? घरातून गेला तेव्हा नुकता फुटला होता बघ."

 वेष्टनाच्या कागदाची थोरलीच्या हातांनी कधीच चौघडी केली होती, आणि आता ते त्या घडीवरून पुन्हा पुन्हा फिरत होते.

आई उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. आणि यंत्र बंद पडले की काय, म्हणून बोटाने ते चाचपू लागली.