टाकीतून निघालेला पंतप्रधान

तिमाराच्या बेटांवर सुमन गायधनीने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिथल्या मागच्या चारही निवडणुकांचे निकाल तिला तोंडपाठ होते. हिंदी महासागरातली तीन बेटं, मिळून एक चिमुकला देश. नकाशावर बोट ठेवलं तर तिन्ही बोटाखाली झाकली जातात. तिथे कोणत्या खासदाराने कधी पक्ष बदलला, कुठल्या खात्यावरून आघाडीत रुसवेफुगवे चालू आहेत, बंदराच्या मतदारसंघात यंदा कोणाची हवा आहे, हे ती कुवेतमधल्या मंगफ भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये मेथी निवडता निवडता सांगू शकत असे. आपल्या नाशिकचा आमदार सध्या कोण, हे मात्र तिला नवऱ्याला विचारावं लागे.

“आई, धिस इज नॉट नॉर्मल,” जुईली म्हणायची. मुलीचं खरंच होतं. सुमनला ते नॉर्मल असावं असं वाटतही नव्हतं.

याचं कारण एकच माणूस, एमील दोरवाल.

वीसेक वर्षांपूर्वी दोरवाल कुवेतमध्ये होता. दक्षिणेकडच्या तेलपट्ट्यात दुरुस्तीची कामं घेणारी एक ठेकेदार कंपनी होती, तिच्यात तो सुपरवायझर. सुमनचा नवरा विश्वास त्याच साइटवर इंजिनिअर. एका मोठ्या टाकीत वेल्डिंग करायचं होतं आणि आतला गॅस पुरता गेलेला नव्हता. विश्वासने काम थांबवलं. दुपारी तो जेवायला गेला, आणि मुदतीत काम संपवून वरच्यांची शाबासकी मिळवायची म्हणून दोरवालने आपल्या गावची आठ तिमारी पोरं आत उतरवली. भडका उडाला. दोरवाल गेटकडे पळाला. विश्वास पळत आला तो उलट्या दिशेने. सहा जणांना त्याने जिवंत बाहेर ओढलं. सातवा, पॉल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, बाहेर आणल्यावर त्याच्या मांडीवर गेला. आठवा आतच राहिला. विश्वासचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, घशात धूर गेला आणि कित्येक आठवडे त्याला शब्द फुटला नाही.

त्या आठवड्यांत दोरवाल भरपूर बोलला. काम सुरू करायला इंजिनिअरनेच तोंडी सांगितलं, असा जबाब त्याने दिला. वाचलेली पोरं बेशुद्ध होती, शुद्धीवर आली तशी कंपनीने त्यांना मायदेशी पाठवलं. विश्वासच्या वाट्याला कोठडी आली, मग प्रवासबंदी. नाशकात त्याचे वडील गेले तेव्हा सुमनने फोन त्याच्या कानाशी धरून त्याला अंत्यविधीचे मंत्र ऐकवले, कारण त्याच्या हातांना फोन धरवत नव्हता. अपिलात तो निर्दोष सुटला. पण सुटलेल्या माणसाला साइटवर कोण घेतं? एका लहानशा वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग तपासत तो राहिला, आणि आपण त्याविषयी बोलायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं.

दोरवाल मायदेशी परतला तो वाचलेल्या पोरांना खांद्याशी धरून. विमानतळावर बँड होता. “मी आगीत शिरलो,” त्याने सांगितलं, “आणि पॉल माझ्या मांडीवर जाताना म्हणाला, आमच्या आयांकडे बघ.” ‘आमच्या आयांकडे बघ’ हीच पुढे त्याच्या पक्षाची घोषणा झाली. त्या एका वाक्यावर तो बंदरातून निवडून आला, कामगारमंत्री झाला, स्वतःच्याच नेत्याला बाजूला सारून पक्ष ताब्यात घेतला आणि पंतप्रधान झाला. दुसऱ्यांदाही झाला. दर पायरीला सुमनच्या पोटातली आग एकेक लाकूड मागून घेत होती. ती त्याच्या बातम्या वाचायची त्या त्याचा पाय कुठे घसरतो हे बघायला. घसरत नव्हता. उलट परदेशी जाणाऱ्या मजुरांना लुबाडणाऱ्या एजंटांना त्याने कायदा करून तुरुंगात घातलं, बेटांवर दवाखाने बांधले. प्रत्येक चांगल्या बातमीला तिचा संताप दुप्पट होई.

सहा वर्षांपूर्वी सुमन ज्या क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघायची तिथे लिझेट नावाची तिमारी नर्स रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता लिझेट म्हणाली, “माझा भाऊ इथेच गेला. टाकीच्या आगीत. पॉल.”

सुमनने चहाचा घोट घेतला. “अरेरे,” एवढंच ती म्हणाली.

तिने लिझेटशी मैत्री केली. खरी केली की कामापुरती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लिझेटला पुरणपोळी आवडायची. लिझेटच्या खोलीत बसून सुमन नारळाच्या दुधातला मासा खायला शिकली आणि तिमारी बोली ऐकून ऐकून समजू लागली. लिझेट तिच्या घरी मात्र क्वचितच आली, आणि विश्वास घरात नसतानाच. खरं काय ते सांगायची वेळ शंभरदा आली. सुमनने सांगितलं नाही. नुसतं सांगून काय होणार होतं? दोघी मिळून रडल्या असत्या, आणि तो माणूस खुर्चीवर तसाच बसून राहिला असता.

मग या वर्षी तिमारात निवडणूक लागली. आघाडी डळमळीत होती, आणि परदेशातल्या कामगारांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला होता. दोरवाल मतं मागायला आखातात निघाला. कुवेतमध्ये प्रचारसभा घेता येत नाही, म्हणून कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या एका हॉटेलात शुक्रवारी ‘स्नेहमेळावा’ ठरला. स्टेजवर पंतप्रधानांना हार घालण्याचा मान पॉलच्या बहिणीला.

लिझेट ही बातमी सांगायला नाचत आली. “दीदी, मी काय नेसू? तू साडी देशील?”

सुमनने तिला बसवलं. दार लावलं. आणि वीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

लिझेट आधी हसली. मग म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला वाचवायला तू हे रचतेयस.”

“माझा नवरा केव्हाच सुटलाय. त्याला वाचवायचं काही उरलेलं नाही.” सुमन थांबली. “तुझ्या भावाने आयांबद्दल काही म्हटलं नव्हतं. तो एकच शब्द परत परत म्हणत होता. विश्वासने मला तो एकदाच सांगितला, त्याचा अर्थ त्याला कळला नव्हता, आणि मी तो कधी कुणाला विचारला नाही. तितीन.”

लिझेटचा चेहरा असा झाला की सुमनला आपल्याला अर्थ कळायला नको होता असं वाटून गेलं. तितीन हे लिझेटचंच नाव होतं. लहानपणी पॉलला तिचं पूर्ण नाव, ‘लिझेटीन’, म्हणता येत नसे, तेव्हापासूनचं. त्याच्यामागे ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं.

बराच वेळ ती रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “तू हे केव्हापासून जाणतेस?”

“आपण भेटलो त्या दिवसापासून.”

“सहा वर्षं? माझी आई त्याला मत देत राहिली. त्याचा फोटो तिने येशूच्या शेजारी लावलाय. आणि तू माझ्या ताटात जेवत होतीस, वेळ बघत?”

सुमनने मान खाली घातली नाही. “हो. ही वेळ बघत.”

लिझेट उठली. दाराशी जाऊन म्हणाली, “साडी नको. मी माझेच कपडे घालीन. हार मात्र घालायला मी जाणार.”

गुरुवारी संध्याकाळी सुमनने विश्वासला सांगितलं. तो खिडकीशी बसून केळं सोलत होता. वाकड्या झालेल्या बोटांनी त्याला ते अजूनही वेळ घेऊनच जमायचं.

“अहो, उद्या तुम्ही चला. नुसते हात दाखवा.”

“हे माझे हात आहेत, सुमन. प्रदर्शनाला ठेवायचे नाहीत.” तो चिडला नव्हता. “आणि त्या पोरीला कशाला मध्ये घातलंस?”

“मध्ये ती पहिल्यापासूनच होती. मी फक्त सांगितलं.”

“तुला काय मिळणार आहे?”

“तो पडलेला दिसेल.”

विश्वासने केळं मोडलं. अर्धं केळं त्याने तिच्यापुढे केलं. तिने घेतलं नाही.

हॉटेलचा हॉल भरला होता. नर्सेस, सिक्युरिटी गार्ड, हॉटेलांतले कुक, सगळे सुटीचे कपडे घालून आलेले. पुष्कळांचे फोन वर धरलेले, कारण बेटांवरची घरंही हे बघत होती. सुमन मधल्या एका रांगेत बसली. दोरवाल आत आला. फोटोत दिसायचा त्यापेक्षा बुटका, केस पांढरे, हसणं मात्र फार छान. ते छान आहे याचाही तिला राग आला.

तो बोलला आणि उत्तम बोलला. एजंटांचा कायदा, दवाखाने, नवं बंदर. मग आवाज उतरवून टाकीवर आला. हॉलमध्ये हुंदके ऐकू आले. मग सूत्रसंचालकाने लिझेटला बोलावलं. ती हार घेऊन स्टेजवर चढली, पण त्याच्या गळ्यात न घालता माइकसमोर उभी राहिली.

“सर, माझा भाऊ शेवटी काय म्हणाला, ते मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

दोरवालने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, तो म्हणाला, आमच्या आयांकडे बघ.”

“आणखी काही?”

“तेच. तेच शेवटचं.”

“सर, तो माझं नाव घेत होता. घरातलं नाव, ते फक्त तो घ्यायचा. ज्याच्या मांडीवर तो गेला त्या माणसाने ते ऐकलं, आणि तो माणूस इथून तासाभराच्या वाटेवर राहतो. मग त्या वेळी तुम्ही कुठे होतात?”

अजूनही दोरवालला निसटता आलं असतं. तो रडला असता, तिला पोटाशी धरलं असतं, दुःखाने पोरीचं डोकं फिरलंय म्हणाला असता, तर लोकांनी त्याचंच खरं मानलं असतं. पण वीस वर्षांत कोणी त्याला हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तराची सवय नव्हती. तो खेकसला.

“हे त्या इंजिनिअरने तुला सांगितलं? त्याला काय ऐकू येणार! पोराला बाहेर काढलं तेव्हा तो स्वतःच अर्धमेला झाला होता!”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. सुमनने ते लक्षात येताना पाहिलं. तोंड जरासं उघडं राहिलं, नजर हॉलभर फिरली, हसू यायचा प्रयत्न करून अर्ध्यावर मेलं. वीस वर्षांत ती याहून गोड काही जेवली नव्हती.

“कुठला इंजिनिअर?” मागून एक गार्ड उभा राहून ओरडला. “तुम्ही एकटेच आत गेला होतात ना?”

मग सगळेच उभे राहिले. लिझेटने हार माइकच्या दांड्याला अडकवला आणि ती खाली उतरली.

गर्दीतून बाहेर पडताना लॉबीच्या आडोशाला दोरवालच्या माणसाने सुमनला गाठलं. साइटच्या दिवसांपासून तिला ओळखणाऱ्या कोणीतरी सांगितलं असणार. बाजूच्या खोलीत दोरवाल उभा होता, टाय सैल, हातात पाण्याचा ग्लास. तो हिंदीत बोलला, साइटवरच्या मोडक्यातोडक्या हिंदीत.

“तू विश्वासची बायको.”

“हो.”

“मी त्याचा सत्कार करतो. आमच्या देशाचा सर्वात मोठा सन्मान देतो. मी म्हणेन, आम्ही दोघं बरोबर होतो. त्याचं नाव धुऊन निघेल.”

“त्याचं नाव मळलं नव्हतं.”

दोरवालने ग्लास ठेवला. “नीट ऐक. मी खोटं बोललो. त्या खोट्यावर मी दवाखाने बांधले, एजंट आत टाकले. मी पडलो तर जे येतील ते त्याच एजंटांच्या पैशावर येतील. पुन्हा पोरं विकली जातील, पुन्हा कुठल्यातरी टाकीत उतरतील. तुझ्या रागापायी. तुला चालेल?”

तो खरं बोलत होता. तिथलं राजकारण सुमनइतकं हॉलमधल्या अर्ध्या तिमारींनाही ठाऊक नव्हतं. विरोधी आघाडीत कोण बसलंय ते ती जाणून होती.

“चालेल,” ती म्हणाली.

तो बघतच राहिला. त्याला बहुधा वाटलं होतं की चांगल्या घरची बाई असं म्हणणार नाही.

“माझे सासरे वारले तेव्हा माझा नवरा इथे अडकला होता,” सुमन म्हणाली. “त्या दिवशी कुणाच्या भल्याचा विचार तू केला होतास? आता मला शिकवू नकोस. जा, पड.”

तो पडला. मित्रपक्षाने दोन दिवसांत पाठिंबा काढला. मतदानात तो स्वतःच्या बंदरातूनही हरला, आणि कुवेतमधल्या तिमारींनी त्याला जवळजवळ काहीच दिलं नाही. नवं सरकार आलं आणि महिन्याभरातच एजंटांचा कायदा दुरुस्तीसाठी म्हणून बाजूला ठेवला गेला. सुमनने ती बातमी वाचली आणि विश्वासला सांगितली नाही. त्याला ती कळलीच होती.

“झालं समाधान?” त्याने विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.

एका शुक्रवारी सकाळी लिझेट आली. ती सुमनला भेटायला आली नव्हती. विश्वाससमोर खाली बसून तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. वीस वर्षं गप्प असलेला माणूस तासभर बोलला. आवाज फाटायचा, मग पाणी पिऊन पुन्हा बोलायचा. सुमन चहा ठेवून गेली, कोणी वर पाहिलं नाही.

जाताना लिझेट दारात थांबली. “त्याला पाडलंस, ते बरं केलंस,” ती सुमनला म्हणाली. “आईने फोटो काढून टाकला. पण तू माझ्याकडे येत जाऊ नकोस.”

“नाही येणार.”

लिफ्ट खाली गेली. सुमन दार लावून आत आली. वाईट वाटेल म्हणून ती जरा वेळ उभी राहिली. तसं फारसं वाटलं नाही. तिला सपाटून भूक लागली होती. तिने कुकर लावला आणि दोघांसाठी भरपूर तुपाची खिचडी केली. विश्वास मात्र बोलून इतका दमला होता की बसल्या जागीच झोपी गेला. तिने त्याला उठवलं नाही, आपलं ताट वाढून घेतलं.