नव्या पत्र्याखालचा लाल

"तापल्या लोखंडाचं कौतुक करू नये, बये. तडकतं."

भात्याशी बसलेल्या माझ्या लहानपणाला आप्पा हेच सांगायचे. मी पोलादाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तेव्हाही एवढंच बोलले नि हातोडा उचलला.

आता त्यांच्याच छिन्न्या तडकत होत्या. पाथरवटकाकांनी तुटकी छिन्नी ऐरणीवर टाकली. "लोहारदादा, दगड फुटायचा सोडून हीच फुटली! पुढचीही गेली, तर मी चाललो दुसऱ्या भट्टीवर."

काका गेले. आप्पा निखाऱ्यांकडे बघत म्हणाले, "डोळे गेले माझे. विझवतो आता भट्टी."

मी तो तुकडा आणि आप्पा, दोघांनाही प्रयोगशाळेत नेलं. तुकडा आरशागत घासला, वरून आम्ल फिरवलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"अगं, ही तर भेगाळलेली जमीन!"

"हे पोलादाचे दाणे, आप्पा. तुमची एक जुनी छिन्नी मी मागे तपासली होती, तिच्यात ते मोहरीसारखे दिसले, इथे वाटाण्यासारखे. फार तापलं की दाणा शेजाऱ्याला गिळून फुगतो. मग तडा बांधाबांधानं पळत सुटतो."

"फार तापलं? डाळिंबी लाल दिसला की बाहेर काढतो मी. जन्मभर!"

ते खोटं बोलत नव्हते. कोडं घेऊनच आम्ही परतलो. दारातच माझे डोळे दिपले. गळका पत्रा काढून आप्पांनी नुकताच वर पारदर्शक पत्रा बसवला होता, आणि ऊन थेट भट्टीवर सांडत होतं.

आप्पांनी भट्टीत सळई तापवली. ती त्यांना डाळिंबी दिसताच मी शिडी लावली, पत्र्यावर ताडपत्री ओढली. अंधार उतरला तसा भट्टीतला रंग उजळला.

"अरे देवा!" आप्पा ओरडले. "हे तर नारिंगी झालंय! उन्हानं फसवलं की मला!"

ती सळई त्यांनी बाजूला टाकली. दुसरी डाळिंबी होताच काढली, ठोकून धार घडवली. पुन्हा डाळिंबी करून पाणी देऊन कडक केली, मग हलकेच शेकून तिचा ताठा उतरवला.

काकांना बोलावलं. त्यांनी नव्या छिन्नीवर घाव घातला. दगड दुभंगला, छिन्नी नुसती खणखणली.

"दादा, डोळे परत आले म्हणायचे!"

"गेलेच नव्हते. माझ्या लेकीनं दाखवून दिलं." आप्पांनी हात पुसले, मग माझ्याकडे वळले. "कौतुक केलं तर तूही तडकशील, अशी भीती होती गं. पण अभिमान वाटतो तुझा. आजचा नाही, पहिल्यापासूनचा."