दिव्याचा रकाना

“एवान्थिया, घरातलं माणूस पाण्यावर असेल तोवर हा दिवा विझू द्यायचा नाही. आणि तेल घरच्याच हातानं घालायचं. शेजारीण कितीही देवभोळी असली तरी ती शेजारीणच.”

सासूबाई कल्लिरोई हे बोलल्या तेव्हा एवान्थियाच्या अंगावर अजून लग्नाचाच पोशाख होता. तिने मान डोलावली. सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज घर सोडून गेला नव्हता. तेलाच्या बाटलीचं बूच निघालं की तो हमखास कानाशी यायचा.

ग्रीसमधल्या आंद्रोस बेटावर खलाशाच्या प्रत्येक घरात संत निकोलाओसांच्या तसबिरीसमोर असा दिवा असतो. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यावर बुचाच्या चकतीत तरंगणारी वात. नवरा पान्देलिस लग्नानंतर अकराव्या दिवशी बोटीवर गेला आणि पुढची एकोणचाळीस वर्षं जगभरच्या मालवाहू बोटींच्या इंजिनांत काढली. तितकी वर्षं एवान्थिया सकाळ-संध्याकाळ त्या पेल्यात तेल घालत आली. एकदाच, फक्त एकदाच, दिवा तासभर विझला होता. मुलाच्या, स्त्रातिसच्या, जन्माच्या रात्री. कळा सुरू झाल्या आणि घरात कुणाचंच तिकडे लक्ष राहिलं नाही. त्याच रात्री बिस्केच्या उपसागरात पान्देलिसच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली. तो म्हणायचा, पंपाचा दोष. पण आजही त्याने कॉफीचा कप उचलला की तिची नजर त्या करंगळीवर जायची आणि तिथून दिव्यावर.

पान्देलिस निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून संतांचा दिवाही निवृत्त होता. पेला घासूनपुसून पालथा घातलेला असायचा. मग लग्नाचा पंचेचाळिसावा वाढदिवस आला आणि अथेन्सहून मुलगा स्त्रातिस आला, कागदाची भली मोठी गुंडाळी घेऊन.

“आई, बाबा, आपण सगळे क्रूझवर जायचं. तीन कंपन्या निवडल्यात. इटालियन, नॉर्वेची आणि आपली पिरेयसची. हा तक्ता. सगळ्यांनी आपापल्या रकान्यात गुण द्यायचे.” स्त्रातिस शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे त्याला रकान्याशिवाय सुखही दिसत नसे.

पान्देलिसचे डोळे चमकले. लग्नानंतर पहिल्यांदा बोटीवर जाताना तो बायकोला म्हणाला होता, ‘एकदा तुला घेऊन जाईन. तू नुसती बसशील आणि बोट चालेल.’ ते नुसतं बसणं पंचेचाळीस वर्षं राहून गेलं होतं. एवान्थिया फार तर फेरीबोटीने पलीकडच्या राफिना बंदरापर्यंत गेली होती, तेही दाताच्या डॉक्टरकडे.

तक्ता फ्रिजवर चिकटवला. पान्देलिसने ‘धूर’ असा रकाना काढला आणि दुर्बीण घेऊन गच्चीत बसला. क्षितिजावरून जाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या धुराड्याला तो गुण देऊ लागला. त्यातल्या निम्म्या बोटी सिमेंट वाहणाऱ्या होत्या, पण तो म्हणाला, नजर बसायला हवी. त्याची थोरली बहीण झाम्बेता खालच्या मजल्यावर राहायची, सत्तरीची, बिनलग्नाची. तिने ‘विधुर’ असा रकाना काढला.

“आत्या, ही माहिती कंपनी देत नाही,” स्त्रातिस म्हणाला.

“विचारल्याशिवाय कशी देईल? केबिनमधल्या उशा किती ते सांगतात ना.”

सून फानीने ‘शांतता’ लिहिलं आणि झाम्बेताकडे बघून खोडलं. एवान्थियाने ‘बुधवार-शुक्रवारचा उपास’ असा रकाना केला. मग पेन्सिल हातातच धरून ती हळूच म्हणाली,

“आपण पाचही जण गेलो, तर दिवा कोण लावणार?”

घोडं पेंड खात होतं ते इथे. आजवर कुणी पाण्यावर गेलं तरी कुणी ना कुणी घरी असे. सगळं घर एकाच वेळी पाण्यावर जाईल, हे कल्लिरोईच्या स्वप्नातही आलं नसावं.

“त्यात काय,” झाम्बेता म्हणाली, “संतांनाच बरोबर घेऊ.”

“म्हणजे तेही पाण्यावर. मग त्यांच्यासाठी दिवा कोण लावील?”

स्त्रातिसने नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘दिवा’. मग फोन लावायला घेतले.

इटालियन कंपनीच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. “म्हणजे पाच प्रवासी आणि एक संत. संत बारा वर्षांखालचे आहेत का? त्यांना तिकीट नाही.”

“सतराशेच्या पुढे आहेत,” स्त्रातिस म्हणाला.

“मग ज्येष्ठांची सवलत. स्वतंत्र खाट लागेल?”

“उभेच असतात.”

“मग बाल्कनीची केबिन घ्या, उभ्या माणसाला बरी पडते. फक्त ज्योत चालणार नाही. आगीचा नियम आहे.”

नॉर्वेच्या मुलीने विजेचा दिवा सुचवला. त्याला तीन रंग होते आणि तो टाळी वाजवली की लागायचा.

“टाळी वाजवून मी मांजर हाकलते,” एवान्थिया म्हणाली. नॉर्वेला शून्य मिळालं.

पिरेयसच्या माणसाने तर दिव्याचं नाव काढताच विचारलं, “सासूबाईंचा नियम का?” त्याची आई खियोस बेटाची होती. “ताई, आमच्या सातव्या मजल्यावर छोटं देऊळ आहे. पण तुम्हाला खरं सांगतो, तिथला दिवा बॅटरीवर आहे. मी स्वतः तिथे नवस बोलत नाही.” या खरेपणाबद्दल त्याला अर्धा गुण मिळाला.

शेवटी एवान्थिया पापा-फोतिसकडे गेली. पाद्रीबुवा अंगणात टोमॅटोला आधाराच्या काठ्या बांधत होते. सगळं ऐकून त्यांनी दाढीतून सुतळी काढली.

“पोरी, हा ख्रिस्ताचा नियम नाही. कल्लिरोईचा आहे.”

“मग मोडता येईल, फादर?”

“ख्रिस्ताचा असता तर मी काहीतरी बोलून बघितलं असतं. कल्लिरोईशी जिवंतपणीही कुणाचं चाललं नाही.”

त्या संध्याकाळी एवान्थिया म्हणाली, “तुम्ही जा. मी राहते घरी. मला सवय आहे.” ती रागाने बोलली नव्हती, त्यामुळे ते कुणालाच सोसेना. पान्देलिस उठला, आरोग्य केंद्रात गेला आणि सलाईनच्या नळ्या घेऊन आला.

पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघराचं इंजिनरूम झालं. वर तेलाची बाटली टांगलेली, तिच्यातून नळी, नळीला चिमटा, आणि पेल्यात थेंब थेंब तेल. पेला एवान्थिया भरायची, वातही तीच लावायची; पान्देलिस घड्याळ घेऊन समोर बसायचा. जेवायला हाक मारली की म्हणायचा, “पाळी संपू दे.” पहिल्या खेपेला दिवा एकोणीस तास जळला, दुसऱ्या खेपेला तेल ओट्यावरून वाहत मांजरीच्या ताटलीत गेलं, आणि सहाव्या खेपेला दिवा सलग बासष्ट तास तेवला. त्यापुढे काही केल्या जाईना. तेल पोचत होतं, पण वातीवर काजळी धरायची आणि ती हातानेच बदलावी लागायची.

स्त्रातिसने दिव्याच्या रकान्यात लिहिलं : ‘बासष्ट तास’. मग घरातल्या सगळ्यांनी नकाशा पसरला आणि घरून निघाल्यापासून बासष्ट तासांच्या आत कुठली बोट कुठे असेल हे मोजायला घेतलं. नॉर्वेची बोट अशा जागी होती, जिथे त्या दिवसांत सूर्यच मावळत नाही.

“तिथे दिव्याची गरजच काय,” झाम्बेता म्हणाली.

“दिवा तिथे नाहीये, आत्या. दिवा इथे आहे.”

इटालियन बोट सिसिलीच्या पलीकडे होती. पिरेयसची बोट मात्र सोमवारी सुटून बुधवारी सकाळी जवळच्या मिकोनोस बेटाला लागणार होती आणि रात्रीपर्यंत तिथेच थांबणार होती. मिकोनोसहून आंद्रोसला फेरीबोट जाते. गाव्रिओ बंदरात उतरायचं, बस पकडून घरी यायचं, वात बदलायची, बाटली भरायची आणि संध्याकाळच्या फेरीने परत. शुक्रवारी सगळे घरी. बासष्ट तासांत बसत होतं.

“आई,” स्त्रातिस डोकं धरून म्हणाला, “जिच्यावरून सगळ्यात लवकर घरी पळून येता येतं, ती बोट आपण सुट्टीसाठी निवडतोय.”

“तक्ता तुझाच आहे,” एवान्थिया म्हणाली.

पिरेयसच्या कंपनीला एकमताने पहिला क्रमांक मिळाला. धुराच्या रकान्यात ती शेवटची होती आणि विधुरांची माहिती गोपनीय होती, पण त्याचा आता विचार नव्हता.

सोमवारी पहाटे सहाला एवान्थियाने स्वतःच्या हाताने तेल भरलं, वात लावली, छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली. बोटीवर चढताना तपासणीच्या माणसाने तिच्या पिशवीतून मोज्यात गुंडाळलेली बाटली काढली.

“हे काय?”

“तेल.”

“कशासाठी?”

“दिव्यासाठी. पण तुमच्या बोटीवर नाही, घरी.”

त्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मोजा परत घालून दिला.

त्या संध्याकाळी ती डेकवर खुर्चीत बसली आणि बोट चालली. हातांना काय करावं ते कळेना, म्हणून तिने ते मांडीवर एकावर एक ठेवले. पान्देलिस शेजारी बसून डेकच्या लाकडावर बूट काढलेला पाय टेकवून इंजिन ऐकत होता.

“तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिनसलंय,” तो समाधानाने म्हणाला. मग तिच्याकडे वळून, “बसलीस ना?”

“बसले.”

मंगळवारभर तिने मनातल्या मनात तास मोजले. झाम्बेताला जेवणाच्या टेबलावर थेसालोनिकीचा एक विधुर सापडला, पण तो ऐकू येण्याचं यंत्र केबिनमध्ये विसरला होता. झाम्बेताला ते बरंच वाटलं. बुधवारी घरी कोण जाणार, हे कुणी विचारलं नव्हतं. शब्द जिचा, तिनेच जायचं. एवान्थियाने रात्रीच बूट दाराशी नीट लावून ठेवले आणि आडवी झाली. इतक्या वर्षांत ती कधी झोपली नव्हती अशी झोपली.

जाग आली तेव्हा खाटेखालची इंजिनाची थरथर थांबलेली होती आणि गोल खिडकीतून ऊन आत आलं होतं. पान्देलिस कपडे करून तिच्या पिशवीपाशी वाकला होता. त्याने मोज्यातली बाटली काढली, वातींची डबी काढली, घराची किल्ली काढली. मग खिशातून एक कागद काढून ओठ हलवत वाचू लागला. “आधी पाणी. मग तेल. मग चकती.” एकोणचाळीस वर्षं ज्याच्यासाठी दिवा लागला, त्याने तो आजवर एकदाही लावला नव्हता.

“वात आधी तेलात बुडवायची,” एवान्थिया डोळे न उघडता म्हणाली.

तो दचकला. “जागी आहेस?”

“थांब, मी जाते. शब्द मी दिलाय.”

“आईचा नियम नीट ऐक,” तो हळू आवाजात म्हणाला, यंत्राचा भाग समजावून सांगावा तसा. “घरातलं माणूस पाण्यावर. ते कोण? तू. तेल घरच्या हातानं. तो कुणाचा? माझा. यात कुठे गळती असेल तर दाखव.”

एवान्थियाने गळती शोधली. सासूबाईंचा आवाज येतो का, म्हणून कानही दिला. तो आला नाही.

“फेरी चुकवू नकोस,” ती म्हणाली.

“तू बस,” पान्देलिस म्हणाला, “नुसती.” झाम्बेताची केबिन शेजारीच होती, म्हणून त्याने बूट एका हातात घेतले. दुसऱ्या हातात, त्या साडेचार बोटांत, बाटली सरळ उभी धरली आणि पायमोज्यांनिशी बाहेर पडून दार आवाज न करता ओढून घेतलं.