लाल कानाची, निळ्या कानाची

शिवकन्येनं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावरच्या पट्ट्या भराभर हलल्या, ठेंगणीपासून उंच पट्टीपर्यंत ओळीत उभ्या राहिल्या आणि तरीही खाली 'काम चालू आहे' हीच अक्षरं लुकलुकत राहिली. दोन दिवस हेच चाललं होतं. उद्या धाराशिवला कॉम्प्युटर डिप्लोमाची शेवटची तोंडी परीक्षा, आणि प्रोग्राम काही थांबायचं नाव घेत नव्हता.

सिताबाई मेंढरं वाड्यात कोंडून आत आली, पाणी प्यायली आणि लेकीच्या मागं उभी राहिली.

"काय करायलीस गं?"

"उंचीपरमानं ओळ लावायचा प्रोग्राम हाय, माय. तुला न्हाय कळायचं."

"काठ्या कशाला मग? मेंढरं तरी उभी करायची."

शिवकन्या वैतागलेलीच होती. डोक्याला तेवढाच विरंगुळा म्हणून तिनं पट्ट्या काढून मेंढरं काढली. सगळी पांढरीशुभ्र.

"ही कुणाची? एकीच्याबी कानाला खूण न्हाय."

मग तिनं एकेकीच्या कानाला वेगळा रंग दिला. माय तेवढ्यानं गप्प बसली तर बरंच होतं. तिनं बटण दाबलं. मेंढरं तुरूतुरू चालत ओळीत लागली.

"त्या दोघी सारख्या जागा का बदलायल्यात?"

"कोण दोघी?"

"ती लाल कानाची अन् ती निळ्या कानाची. उंचीला सारख्याच हायत. ऱ्हाऊ दे की जिथल्या तिथं."

शिवकन्या पडद्याकडं बघतच राहिली. पुढची मागचीपेक्षा मोठी असेल 'किंवा सारखी असेल' तर जागा बदला, असं तिनंच लिहून ठेवलं होतं. बदलायचं काही उरलं नाही की थांबायचं होतं, आणि या दोघींची अदलाबदल कधी संपतच नव्हती. सारख्या पट्ट्यांची अदलाबदल दिसणार तरी कशी? तिनं ते तीन शब्द खोडले. प्रोग्राम मुकाट्यानं थांबला.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक मेंढरं बघून हसले. "हे काय? साध्या पट्ट्या चालल्या असत्या की!"

"चालवते, सर." तिनं जुना, चुकीचा प्रोग्राम पट्ट्यांवर लावला. "चूक कुठं आहे, दिसते का?"

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. पडद्याजवळ वाकून बघितलं, पण चूक काही सापडेना. मग तिनं तोच प्रोग्राम मेंढरांवर लावला.

"अरे, या दोघी..." ते खुर्ची ओढून पुढं सरकले. "छान! फार छान! किती वेळ लागला शोधायला?"

"मला दोन दिवस सापडली नाही, सर. माझ्या आईनं बघितल्याबरोबर दाखवली."

"आई कॉम्प्युटर शिकवतात?"

मागच्या बाकावर वर्षाराणी, शंभुलिंग, सगळा वर्ग बसला होता. आई काय करते, असं कुणी विचारलं की तीन वर्षं शिवकन्या 'घरीच असते' म्हणून विषय बदलत आली होती. या वेळी तिनं विषय बदलला नाही. मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"मेंढरं राखते, सर. साठ आहेत. एकेकीला कानावरून ओळखते."