सुटलेली तुरपाई

मी एका न्यायमूर्तींचा काळा झगा बोलतोय. आजच्या रात्रीपुरता माझा मुक्काम पुन्हा कपाटात आहे. शेजारी साहेबांचा जुना लोकरी कोट आणि डांबरगोळ्यांची पुरचुंडी. बोलायची मला सवय नाही. माझा सगळा जन्म दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेला, आणि वकिलांचं बोलणं किती लांबतं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना माझी कीव येईल. पण उद्या मी पुन्हा कामावर रुजू होतोय. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मन हलकं होईल.

माझा जन्म न्यायालयामागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानात झाला. साहेब तेव्हा वकील होते आणि ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होणार अशी कुजबुज होती. कुजबुजच, कारण नेमणुकीची फाईल राज्य आणि राजधानी यांच्यात हेलपाटे घालत होती. राज्याने मत द्यायचं, सर्वोच्च न्यायालयाने मत द्यायचं, मग केंद्राने हुकूम काढायचा. शिंप्याला एवढा दम कुठला? त्याने मला शिवून टाकलं.

"घेऊन जा की, साहेब," तो म्हणायचा.

"हुकूम हातात पडू दे, मग नेतो. आधी नेला आणि हुकूम आलाच नाही, तर लोक हसतील."

मी आपला खुंटीवर लोंबकळत राहिलो. साहेबांचा स्वभाव मला तिथेच कळला. जमीन पक्की आहे याची खात्री झाल्याशिवाय हा माणूस पाऊल टाकत नसे.

हुकूम एकदाचा आला. शपथेच्या दिवशी साहेबांची लहानगी मुलगी माझा घोळ धरून त्यांच्या मागे मागे चालली. मग रोजचं सुरू झालं. चोपदार काठी घेऊन पुढे, साहेब मागे, मी साहेबांच्या अंगावर. आम्ही आत शिरलो की सगळे उठून उभे राहायचे. ते माझ्यासाठी उभे राहतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आमचं काम सांगतो. खालच्या कोर्टात ज्याचं समाधान झालं नाही तो आमच्याकडे यायचा. आमच्याकडेही झालं नाही तर राजधानीत, सर्वोच्च न्यायालयात जायचा. आम्ही मधले, पण मधले म्हणून कमी नव्हतो. सरकारची चूक असली तर साहेब सरकारलाही समोर उभं करायचे. राज्याच्या हद्दीत त्यांच्या शब्दाला भलेभले अधिकारी वचकून असत. हद्द मात्र हद्दच. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे दुसरं राज्य, दुसरी भाषा आणि दुसरं उच्च न्यायालय. तिथे आमच्या निकालाला पाहुण्याइतका मान, हुकमाइतका नाही.

त्याच पुलावरून एक मुलगी नेली गेली होती, जिचं प्रकरण आमच्यापुढे आलं.

तिची आई बाळंतपणात वारली. बाप पार खचला. तेव्हा आईच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मावशीने, बाळ उचललं आणि आपल्या दोन खोल्यांत आणलं. मावशी शिवणकाम करायची. मुलगी तिच्या मशीनशेजारी चिंध्यांशी खेळत वाढली आणि शाळेत जायला लागली. दरम्यान बापाने दुसरं लग्न केलं, पलीकडच्या राज्यात नोकरी धरली, आणि एका दुपारी शाळेच्या फाटकातूनच मुलीला घेऊन गेला. बाप वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला त्याची मुलगी हवी होती. मावशीलाही तीच हवी होती, म्हणून ती आमच्याकडे आली.

बापाच्या वकिलांनी एकच धोशा लावला. मुलगी आता या राज्यात नाही, तेव्हा हे प्रकरण ऐकण्याचा या न्यायालयाला अधिकारच नाही. मावशीचे वकील म्हणाले, मुलगी वाढली इथे, शिकली इथे, नेली इथून, मग अधिकार कसा नाही? दोघांनी जाडजूड पुस्तकं उघडली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी मावशीलाच विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?"

ती उठली. पदर नीट करत म्हणाली, "झोपताना ती माझा कान धरते, साहेब. त्याशिवाय झोप लागत नाही तिला. तिकडे कुणाचा धरत असेल?"

यावर पुस्तकात काहीच नव्हतं. साहेब म्हणाले, "निकाल राखून ठेवतोय." म्हणजे ऐकून झालं, आता सावकाश लिहिणार आणि नंतर भर कोर्टात वाचणार. ते उठले तेव्हा माझी खालची कड खुर्चीच्या खिळ्यात अडकली आणि तुरपाई टराटरा उसवली. साहेबांना पत्ता नाही, चोपदाराला नाही. मावशीला मात्र दिसलं. जागच्या जागी तिचा हात पुढे आला, मला सावरायला यावा तसा, आणि मग तिने तो मागे घेतला.

संध्याकाळी दालनात साहेब लघुलेखकाला निकाल सांगायचे. मी खुंटीवरून ऐकायचो. निकालाचा शेवट पहिल्याच दिवशी ठरला होता. मुलीला मावशीकडे परत द्यावं. पण अधिकाराचा जो भाग होता, तो काही केल्या त्यांच्या मनासारखा उतरेना. लिहायचे, खोडायचे, पुन्हा सांगायचे. बाप सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होतं, आणि तिथे एक शब्दही हलता कामा नये असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आठवडे गेले. माझी तुरपाईही तशीच राहिली. "उद्या शिंप्याकडे देऊ," असं ते चोपदाराला रोज सांगायचे.

शेजारच्या दालनातले न्यायमूर्ती चहाला यायचे. ते एकदा म्हणाले, "अहो, निकाल आहे, लग्नपत्रिका नव्हे. किती सजवाल? वाचून मोकळे व्हा."

"कच्चा वाचला आणि वर जाऊन पडला, तर त्या बाईच्या हातात काय राहील?"

"आणि आत्ता काय आहे तिच्या हातात?"

साहेब हसले. मला वाटतं त्यांना ते पटलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा एक नवा निवाडा आला आणि त्यांनी तो भाग परत लिहायला घेतला.

मग राजधानीहून बदलीचा हुकूम आला. न्यायमूर्तींची अशी बदली होते, एका राज्याच्या उच्च न्यायालयातून दुसऱ्या राज्याच्या. कारण विचारायची रीत नाही. साहेबांना नदीपलीकडे पाठवलं होतं, त्या मुलीच्या राज्यात.

शेवटच्या दिवशी त्यांनी राखून ठेवलेले बाकीचे निकाल एकामागून एक वाचले. मावशी मागच्या बाकावर बसून होती. तिचा निकाल टेबलावरच होता, फक्त मधली काही पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. साहेबांनी तो दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. मी त्यांच्या खांद्यावर होतो, त्यांचे खांदे आखडलेले मला कळत होते. वाचा की हो, असं मी मनातल्या मनात ओरडलो, पण कापडाचं कोण ऐकतो? कोर्ट उठलं. निरोपाचा समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. साहेब किती काटेकोर आहेत याचं सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं.

ज्याने ऐकलं त्यानेच निकाल द्यायचा असतो. ऐकणारा गेला की सगळं पहिल्यापासून. साहेबांच्या जागी आलेल्या न्यायमूर्तींनी प्रकरण पुन्हा ऐकलं, त्यालाही वर्ष-दोन वर्षं लागली, आणि त्यांचं मत उलटं पडलं. इथे अधिकार नाही, पलीकडच्या न्यायालयात जा. तेही वाईट न्यायमूर्ती नव्हते. कायदा दोन्हीकडून वाचता येत होता, म्हणून तर साहेब एवढे अडले होते.

पलीकडे आमचेही हालच होते. वकील इंग्रजीत बोलायचे तोवर ठीक, पण साक्षीदाराने किंवा पक्षकाराने तोंड उघडलं की साहेब दुभाष्याकडे बघायचे. अशाच एका सकाळी त्यांच्यासमोर ते प्रकरण पुकारलं गेलं. कामाची वाटणी मुख्य न्यायमूर्ती करतात, त्यांना मागचं काय माहीत? साहेबांनी मान वर केली. मागच्या बाकावर मावशी होती. पूल ओलांडून, परक्या भाषेतल्या वकिलाचा हात धरून आली होती. साहेबांना बघून तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिला वाटलं, आपलं सगळं ऐकून घेतलेला माणूस भेटला, आता झालंच काम.

साहेबांनी फाईल मिटली. "हे माझ्यासमोर नको. दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे ठेवा."

ज्याचं मत आधीच ठरलेलं आहे त्याने न्यायाला बसू नये, असा संकेत आहे. तो संकेत योग्यच आहे. वकिलाने मावशीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. तिला ते कितपत कळलं कोण जाणे, पण तिचा चेहरा उतरला. पुढचं प्रकरण पुकारलं तरी ती साहेबांकडेच बघत होती.

दुसऱ्या न्यायमूर्तींनी पुढे बऱ्याच काळाने मुलीला दालनात बोलावून विचारलं. ती आता मोठी झाली होती. सावत्र आईला आई म्हणत होती, तिथल्याच शाळेत शिकत होती. इथेच राहायचंय, असं तिने सरळ सांगितलं. मग तोच निकाल झाला. मावशीने सुट्टीत भेटायला यावं, एवढी सोय ठेवली. त्या दिवशी या निकालात मलाही चूक दिसली नाही, आणि दुःख त्याचंच जास्त होतं. साहेबांचा निकाल वेळेवर वाचला असता तर तोही बरोबरच ठरला असता.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमधून निघालो होतो. समोरच त्या दोघी उभ्या. मावशी मुलीशी काहीतरी बोलत होती आणि मुलगी ओशाळून बापाकडे बघत होती. तिला मावशीची भाषा आता कळत नव्हती; लहानपणीच ती सुटली होती, घरात बापही नव्या आईचीच भाषा बोलायचा. जिचा कान धरून ती झोपायची, तिचं एक अक्षर तिला समजत नव्हतं. मावशीच्या ध्यानात आलं तशी ती बोलायची थांबली. नुसती मुलीच्या खांद्यांकडे, हातांकडे बघत राहिली, माप घेतात तशी. बाप मुलीला घेऊन गेला.

चोपदाराने बाजूला व्हायची खूण केली. मावशी भिंतीला लागून उभी राहिली आणि आम्ही तिच्यासमोरून गेलो. पक्षकारांशी न्यायमूर्ती बोलत नाहीत. साहेब मान खाली घालून चालत होते. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"साहेब, तुरपाई सुटलीय अजून. पायात येईल, पडाल."

त्या अख्ख्या कॉरिडॉरमध्ये ते बोलणं कळणारा एकच माणूस होता. तो थांबला. मागे वळला नाही. "हो," एवढंच म्हणाला आणि चालू लागला.

दालनात आल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून ते रडले. डोळे त्यांनी माझ्याच बाहीने पुसले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला कुणालाही शिवू दिलं नाही. चोपदार विचारायचा, साहेब म्हणायचे, "राहू दे." आपल्या चुकीची खूण त्यांना अंगावर हवी होती असं मला वाटतं. हट्टीपणाच तो, त्याने मावशीला काय मिळालं? पण मी बिचारा काय बोलणार, मी तीच खूण होतो.

आता माझा घोळ धरून चालणारी साहेबांची ती लहानगी न्यायमूर्ती होतेय. उद्या तिची शपथ. वडिलांचाच झगा घालणार म्हणून तिने आज मला कपाटातून काढलं.

"बाबा, हे केवढं उसवलंय. उद्यापुरती पिन लावते. शिंप्याकडे नंतर सावकाश देईन."

"आण इकडे," साहेब म्हणाले. "सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही."

त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि ते चाचपडत टाके घालायला लागले. एक लहान, एक मोठा. मध्येच गाठ पडली.

"द्या हो बाबा, वाकडं येतंय. एवढी काय घाई आहे?"

"वाकडं येऊ दे," साहेब मान वर न करता म्हणाले. "आज झालं पाहिजे."

तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मीच सांगितलं. बाळ, उद्यापासून मी तुझ्या खांद्यावर असेन. ती गाठ चालताना तुझ्या घोट्याला टोचेल, तेव्हा ती कापून टाकू नकोस. टोचली की मागच्या बाकावर कोण थांबलंय ते बघ, आणि जे लिहून झालंय ते वाचून टाक.