टेलरच्या नावाची पट्टी

केबलमामा झाडावर चढून खारीने कुरतडलेली वायर जोडत होता, तेव्हा टेलरचा मुलगा खाली येऊन उभा राहिला. मामाला वाटलं, चित्र दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन आला असेल. त्याने वरूनच सांगून टाकलं, की दोष खारीचा आहे, घरी जाऊन बस, दहा मिनिटांत दिसेल.

"मामा, बाबा गेले," मुलगा म्हणाला. "पट्टी टाका."

मामा झाडावरून कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. टेलरने त्याच्या लग्नातला सदरा शिवला होता. एक बाही आखूड झाली होती, आणि वीस वर्षांत दोघांनीही तो विषय काढला नव्हता. अशी मैत्री.

गावाची रीत ठरलेली. कुणी गेलं की घरच्यांनी दारोदार फिरायचं नाही, माणसापाशी बसायचं. मामाने आपल्या गावच्या चॅनेलवर खालून पट्टी सोडायची. पाणी कधी येणार, गिरणी कधी बंद, कुणाची म्हैस सुटली, सगळं त्याच पट्टीवर. मामाने आठ वाजता लिहिलं, टेलर गेले, अकराला निघणार. मग तो टेलरच्या ओट्यावर जाऊन बसला.

साडेदहाला तिथे चार माणसं होती. टेलरचा मुलगा, सून, मामा आणि खुद्द टेलर.

ऊन चढत चाललं. दिवस कापणीचे, वाऱ्याबरोबर भुसा उडत दारापर्यंत येत होता. लोक शेतातून हातपाय धुऊन येतील, असं मामा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. अकरा वाजून गेले. कुत्रंसुद्धा आलं नाही.

मुलाने खाली मान घालून हळूच विचारलं, "मामा, बाबांचं गावाशी काही वाकडं होतं का? मला खरं सांगा."

मामा ताडकन उठला. पट्टीचं मशीनच बंद पडलं असणार, असं म्हणून तो घरी पळाला. मशीन ठणठणीत होतं. पट्टी ठळक अक्षरांत, अजिबात न अडखळता चालली होती.

तो तसाच शेजारच्या मिशीवाल्याच्या खळ्यावर गेला. मिशीवाला कणसं झोडपत होता.

"टेलर गेला?" त्याच्या हातातला दांडका खाली आला. "अरे, कधी?"

"आठपासून पट्टी चालू आहे."

मिशीवाला पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिला. ते फुटलं, तसं त्याने दुसरं घेतलं.

"आम्ही केबल बघत नाही रे आता. पोरीने इंटरनेटवर घेतलंय सगळं. हवं तेव्हा लावायचं, हवं तिथे थांबवायचं."

"वायर तर आहे तुझ्या घरात."

"आहे ना. तुला वाईट वाटेल म्हणून ठेवलीय."

पुढच्या घरी तेच. त्यापुढच्या घरीही तेच. मामा महिन्याला दारात आला की लोक मुकाट्याने पैसे द्यायचे, त्याचं तोंड बघून कुणाची जीभ रेटायची नाही. एके ठिकाणी वायरीवर घेवड्याचा वेल चांगला तरारला होता, घरच्यांनी मामाचे आभारही मानले. एका काकूने पडद्यावरची बाई रडता रडता थांबवून ठेवली आणि स्वतः रडायला बसली. ज्या त्या घरात पडद्यावर वेगळंच काही चाललं होतं. मामा प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य म्हणत गेला, टेलर गेले, चला. शेवटी शेवटी त्याचा आवाज फुटेना, तेव्हा बरोबर निघालेल्या मिशीवाल्याने पुढे होऊन हाका घातल्या.

दीडपर्यंत ओट्यासमोर पाय ठेवायला जागा उरली नाही. माणसं शेतातून तशीच आली होती, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली. खांदा द्यायला रांग लागली. मुलगा गर्दीकडे बघत राहिला, आणि सकाळपासून अडलेलं रडू त्याला तेव्हा फुटलं.

परतल्यावर सुनेने मामाला पाण्याचा तांब्या दिला. ती तिथेच घुटमळली.

"मामा, आमच्याकडेही सगळे मोबाइलवरच बघतो. बाबा तेवढे केबल लावायचे. जेवताना तुमची पट्टी मोठ्याने वाचून दाखवायचे आम्हाला. गावात आता ते एकटेच वाचत असतील बहुतेक."

मामा पाणी प्यायला. तांब्या रिकामा झाला तरी तोंडालाच लावून बसला. म्हशी, गिरण्या, पाण्याच्या वेळा, कितीतरी महिने त्याने एका टेलरसाठीच लिहिल्या होत्या. आणि आज सगळ्यात मोठी बातमी लिहिली, तर वाचणारा नेमका तिच्यातच गेला होता.

"आता काढाल ना पट्टी?" सुनेने विचारलं.

"तीन दिवस ठेवायची असते," मामा म्हणाला.

घरी येऊन तो टीव्हीसमोर बसला. टेलरचं नाव उजवीकडून यायचं आणि डावीकडे निघून जायचं. मामाने ते एकदा मोठ्याने वाचलं. मग नाव पुन्हा आलं, तेव्हा पुन्हा वाचलं.